पाहणाऱ्यांचे रिंगण

आषाढ नुकताच लागलेला असतो. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या वाटेवर बेलवडी नावाचे एक गाव आहे. एरवी मुद्दाम वाट वाकडी करून तेथे जावे असे बाहेरच्या माणसाला वाटण्याचे काही कारण नाही. आजूबाजूला ऊस, मधूनच एखादे माळरान आणि नजर पोहोचेल तिथवर सपाट जमीन. पण वर्षातून एक सकाळ अशी येते की, पुण्यामुंबईच्या कोणत्याही नाट्यगृहात किंवा चित्रशाळेत जे पाहायला मिळणार नाही, ते त्या सकाळी बेलवडीच्या माळावर पाहायला मिळते. आणि गंमत अशी की, पाहायला गेलेल्या माणसाला ते फार वेळ नुसते पाहता येत नाही.

त्या दिवशी तुकोबांची पालखी बेलवडीला येते, आणि देहूपासून निघाल्यावर तिच्या वाटेवरचे पहिले गोल रिंगण तेथे होते.

मी पहिल्यांदा गेलो तो शहरी माणसाच्या थाटात गेलो. गळ्यात कॅमेरा, डोक्याला टोपी, आणि जरा उंचावर उभे राहून सगळे टिपून घ्यावे असा मनसुबा. माणसांचे एक प्रचंड कडे मैदानात तयार होत होते. मी कड्याच्या बाहेरच्या अंगाला उभा होतो. तासाभराने पाहतो तो मी आतल्या अंगाला! कोणी ढकलले नाही, कोणी बोलावले नाही. माणसे पुढे सरकत गेली आणि त्यांच्याबरोबर मीही सरकलो. रिंगण संपले आणि फुगड्या सुरू झाल्या, तेव्हा एक म्हातारे वारकरी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. पांढऱ्या मिशा, कपाळाला बुक्का, धोतराचा काचा घट्ट मारलेला. म्हणाले, "माऊली, नुसतं काय बघताय? द्या की हात." कॅमेरा कोणाच्या तरी हाती देऊन मी हात पुढे केला. त्या फुगडीत मी दोनदा धडपडलो, आणि त्या दिवशीचे माझे एकही छायाचित्र धड आले नाही. मात्र या लेखात जे सांगायचे आहे ते मला त्या धडपडीतच कळले.

ते असे, की रिंगण ही पाहणाऱ्यांच्या बळावर चालणारी कला आहे. तिला रंगमंच नाही, पडदा नाही, तिकीट नाही. पाहणारे बाजूला काढले तर मागे उरते ते एक मोकळे रान.

आधी रिंगण होते कसे ते सांगतो. ज्यांनी वारी केली आहे त्यांना हे सांगण्याची गरज नाही; पण दिवाळी अंक घरातली सगळीच माणसे वाचतात, आणि त्यांतल्या पुष्कळांनी रिंगण पाहिले असेल ते फक्त दूरदर्शनच्या पडद्यावर.

पालखी मैदानात येते आणि मध्यभागी विसावते. तिच्याभोवती दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. त्यांच्या बाहेर एक रुंद पट्टा मोकळा सोडलेला असतो. हीच धावण्याची वाट. या पट्ट्याच्या पलीकडे पुन्हा माणसेच. बेलवडीची, पंचक्रोशीतली, बारामती-इंदापूरकडून गाड्या करून आलेली, कोणी झाडावर चढलेली, कोणी मुलाला खांद्यावर घेतलेली. म्हणजे या क्रीडांगणाची आतली भिंत माणसांची आणि बाहेरची भिंतही माणसांचीच.

मग धावणे सुरू होते. आधी खांद्यावर भगव्या पताका घेतलेले धावतात. मग डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका. त्यांतल्या कित्येक साठी ओलांडलेल्या असतात. एक हात तुळशीला, दुसऱ्या हाताने लुगड्याचा घोळ सावरलेला, आणि पायांत वहाणा असतील-नसतील. मग विणेकरी धावतात, गळ्यात पखवाज अडकवलेले धावतात, टाळकरी धावतात. जो आता धावला तो आपल्या जागी येऊन उभा राहतो आणि पुढच्यासाठी भिंत होतो. जो आतापर्यंत भिंत होऊन टाळ वाजवीत होता तो धावायला निघतो. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांची अदलाबदल अशी अखंड चालू असते.

शेवटी अश्व येतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ रिकामी. ती रिकामी पाठ देवाची, अशी श्रद्धा. हे दोन घोडे वाऱ्यासारखे रिंगणातून दौडत जातात आणि हजारो कंठांतून एकच घोष उठतो. दौड संपताच माणसांच्या दोन्ही भिंती एकदम कोसळतात. म्हणजे कोणी पडत नाही, सगळे धावतात ते टापांखालची माती कपाळाला लावायला. नंतर खेळ सुरू होतात. फुगडी, पावली, हुतुतू, एकमेकांच्या खांद्यांवर चढून केलेले मनोरे. यथावकाश पालखी उठते आणि अंथुर्ण्याच्या वाटेला लागते. मैदानात उरतात ती पावलांची आणि टापांची गोल उमटलेली खूण, आणि पाऊस आला तर तीही नाही.

आता थोडे मागे जाऊ या.

पंढरीची वारी ज्ञानदेवांच्याही आधीची. तुकोबांच्या घराण्यात तर ती कित्येक पिढ्यांची होती. पण संतांच्या पादुका पालखीत ठेवून, दिंड्यांसह, ठरलेल्या वाटेने आणि ठरलेल्या मुक्कामांनी पंढरपूरला जायचे, ही शिस्त घालून दिली ती तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी. साल १६८५. वडील गेले तेव्हा नारायणमहाराज आईच्या पोटात होते. म्हणजे ज्यांच्या पादुका त्यांनी पालखीत ठेवल्या, त्या पित्याला त्यांनी कधी पाहिलेही नव्हते. देहूहून तुकोबांच्या पादुका घ्यायच्या, आळंदीला येऊन ज्ञानोबांच्या पादुका घ्यायच्या, आणि दोघांना एकत्र पंढरीला न्यायचे, असा तो क्रम होता. "ग्यानबा-तुकाराम" हा जोडघोष त्या एकत्र पालखीमुळेच रूढ झाला, असे सांगतात.

१६८५ हे साल वाचकांनी जरा डोळ्यांसमोर आणावे. रायगडावर संभाजीमहाराज होते. औरंगजेब सगळी फौज घेऊन दक्षिणेत उतरला होता, आणि त्याच वर्षी मोगलांनी विजापूरला वेढा घातला. फौजांची ये-जा, जाळपोळ, ओस पडलेली गावे असा तो काळ. इंदापूर, सुपे हे परगणे भोसल्यांच्या जहागिरीतले. फौजांच्या टापा या भागाने पिढ्यान् पिढ्या ऐकलेल्या. घोडे दौडत येताना दिसले की माणसांनी घर सोडून पळायचे, हा त्या काळचा शिरस्ता. त्याच मुलुखात आज घोडा दौडत येतो आणि माणसे त्याच्या दिशेने धावतात, त्याच्या टापांची माती कपाळाला लावतात. इतिहासाने एखाद्या दृश्याचा अर्थ असा उलटा केल्याची उदाहरणे फार नसतील.

पालखीत घोड्यांचा थाट आणि लष्करी शिस्त आली त्याचे श्रेय वारकरी परंपरा हैबतरावबाबा आरफळकरांना देते. सातारा भागातल्या आरफळचे हे गृहस्थ ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. पुढे संसार आणि सरदारी सोडून ते आळंदीला येऊन राहिले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्ञानोबांची पालखी स्वतंत्रपणे निघू लागली ती त्यांच्या खटपटीने. बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांनी त्या पालखीला घोडे आणि तंबू दिले. अंकलीहून आळंदीपर्यंत ते घोडे आजही चालत येतात. हैबतबाबा १८३६ साली गेले. दिंड्यांचा क्रम, चोपदाराचा दंड वर जाताच होणारी शांतता, पहाटे कूच आणि संध्याकाळी तळ, या सगळ्यांत छावणीची शिस्त स्पष्ट दिसते. मात्र या छावणीत शस्त्र एकही नाही. पुढे देहूची आणि आळंदीची अशा दोन्ही पालख्यांच्या वाटेवर रिंगणे रंगू लागली. आळंदीची पालखी जेजुरी-फलटणवरून जाते. देहूची बारामती आणि इंदापुरावरून.

पण घोड्यांच्या आणि शिस्तीच्या आधीही खेळ होताच. तुकोबांच्या गाथेत फुगडी, हमामा, विटीदांडू, हुतुतू, चेंडूफळी या खेळांवर रचलेले अभंग आहेत. गावातली पोरे जे खेळत तेच घेऊन त्यांतून परमार्थ सांगायचा, ही संतांची रीत. जगातल्या पुष्कळ धर्मांत देवापुढे खेळणे हा अपराध मानला जातो. वारकऱ्यांनी मात्र फुगडीला भजनाच्या शेजारी नेऊन बसवले. हुतुतू खेळणाऱ्या पोराला जो बाहेर उभे राहून पाहतो त्याला गडी म्हणत नाहीत. गडी व्हायचे तर रेषेच्या आत यावे लागते.

बारामतीपासून सराटीपर्यंतच्या वाटेवर हे विशेष जाणवते. उंडवडीचा मुक्काम आटोपून पालखी बारामतीत शिरते ती कऱ्हेकाठच्या एका जुन्या विद्येच्या गावात. मोरोपंतांनी आपले उभे आयुष्य येथे काढले. पन्हाळ्याला १७२९ साली जन्मलेले पंत बाबूजी नाइकांच्या आश्रयाने बारामतीला स्थिरावले, पुराण सांगत राहिले, हजारो आर्या रचत राहिले, आणि १७९४ साली येथेच वारले. पंतांची कविता ऐकणाऱ्याने मांडी घालून बसावे, लक्ष द्यावे, यमक आले की मान डोलवावी. ती बैठकीतली कला. ती थोर आहे, याबद्दल वाद नाही. पण बारामतीच्या वेशीबाहेर पडून पालखी काटेवाडीला आली, की दुसऱ्याच प्रकारच्या कलेला सुरुवात होते. ती बसून घेता येत नाही.

काटेवाडीत परीट समाजाची माणसे पालखीच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतात. पालखी एका धोतरावरून पुढे गेली की मागचे धोतर उचलून पुन्हा पुढे अंथरायचे. गावाची धुणी धुणारा माणूस त्या दिवशी रस्त्यालाच शुभ्र वस्त्र नेसवतो! मग मेंढ्या येतात. धनगरांचे कळपच्या कळप पालखीभोवती गोल धावतात. मेंढ्यांना रोगराई होऊ नये म्हणून हे मेंढ्यांचे रिंगण, असे ते सांगतात. पण विचार करणाऱ्याला त्यात आणखी काही दिसते. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, विठ्ठल हा मुळात गवळी-धनगरांचा देव, असे साधार मांडले. ते मत कोणाला पटो न पटो. काटेवाडीच्या रस्त्यावर मेंढरांच्या धुळीत अर्धवट दिसेनाशी झालेली पालखी पाहिली, की त्या ग्रंथाचे एक पान डोळ्यांसमोर उलगडल्यासारखे वाटते. येथे मेंढ्यासुद्धा प्रेक्षक राहत नाहीत, मग माणसांचे काय घेऊन बसलात!

पुढे सणसर, बेलवडी, अंथुर्णे, निमगाव केतकी, आणि मग इंदापूर. इंदापुरात दुसरे गोल रिंगण. तेथून सराटी, नीरेच्या पाण्यात तुकोबांच्या पादुकांना स्नान घालतात आणि पालखी पुणे जिल्हा ओलांडते. या टापूतल्या प्रत्येक गावाने आपापला वाटा ठरवून घेतलेला आहे. कोणी भाकरी करायच्या, कोणी पिठले, कोणी पाण्याचे टँकर, कोणी वारकऱ्यांचे पाय चेपायचे. देहूपासून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. बेलवडीला पोचेपर्यंत माणसे दहाएक दिवस चाललेली असतात. मग एवढे चालून पुन्हा धावण्याची ताकद येते कोठून? मी हा प्रश्न त्या म्हाताऱ्या वारकऱ्यांना विचारला. ते हसले. म्हणाले, "चालून पाय दुखत्यात, माऊली. धावलं की राहत्यात." वैद्यकशास्त्र यावर काय म्हणेल ते म्हणो. पण आदल्या रात्री सणसरच्या कोणा घरची भाकरी त्यांच्या पोटात होती, आणि ती थापणारी बाई सकाळी बेलवडीच्या मैदानात बाहेरच्या कड्यात उभी असणार, हे मला दिसत होते. धावणाऱ्याच्या पायातले बळ पाहणारीच्या चुलीवरून आलेले होते. पाहणाऱ्यांच्या बळावर चालणारी कला असे मी म्हणतो ते निव्वळ अलंकार म्हणून नव्हे.

आता जरा परदेशात डोकावू. १९५९ सालच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये ॲलन काप्रो नावाच्या कलावंताने एक प्रयोग केला. प्रेक्षकांना सूचनांची पत्रे दिली; कोणी केव्हा कोणत्या खोलीत जायचे, केव्हा उठायचे, हे त्यांत लिहिलेले. प्रेक्षक स्वतःच प्रयोगाचा भाग झाले, म्हणून त्याची मोठी चर्चा झाली. १९६६ च्या १९ एप्रिलला पॅरिसमध्ये तरुण कलावंतांच्या एका गटाने अख्खा दिवस रस्त्यावर घालवला. हलत्या फरश्या मांडल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यांवरून चालायला लावले. चित्रशाळेत हात मागे बांधून फिरणाऱ्या माणसाला जागे करावे, हा त्यांचा हेतू. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात २०११ साली उघड्यावर एकवीस झोके टांगले. प्रत्येक झोक्याला स्वर होता. एकट्याने झोका घेतला तर एक स्वर. पण पुष्कळ जणांनी एका तालात झोके घेतले तर त्यांतून वेगळीच सुरावट निघे. अनोळखी माणसे एकमेकांकडे पाहून ताल जमवू लागली. कल्पना सुंदर आहे, आणि ती ज्यांना सुचली त्यांचे कौतुक करायला हवे.

परंतु हे सगळे वाचताना बेलवडीचा माळ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. त्या कलावंतांनी प्रेक्षकाला खुर्चीवरून उठवण्याचा यत्न केला, कारण त्यांच्याकडे प्रेक्षक आधीच खुर्चीवर जाऊन बसला होता. आपल्याकडे वारीच्या वाटेवर खुर्ची कधी मांडलीच नव्हती. दुसरा भेद असा, की तेथे कलावंताचे नाव लागते. बेलवडीच्या रिंगणाखाली सही कोणी करायची? नारायणमहाराजांनी? हैबतबाबांनी? घोड्याने? की लुगड्याचा घोळ सावरीत धावणाऱ्या त्या आजीने?

वारीचा अभ्यास करायला गेलेल्यांची फजिती याच ठिकाणी झालेली आहे, आणि ती मोठी गोड आहे. डेक्कन कॉलेजातल्या समाजशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे आळंदीच्या पालखीबरोबर चालल्या आणि त्यांनी 'वाटचाल' हा लेख लिहिला. तो १९४९ सालच्या 'परिपूर्ती' या संग्रहात आहे. शास्त्रज्ञाच्या डोळ्याने पाहायला निघालेल्या बाई लेखात चालणाऱ्यांतल्याच एक होऊन जातात. दि. बा. मोकाशी १९६१ साली पालखीबरोबर चालले. त्यांचे 'पालखी' हे पुस्तक १९६४ साली आले. मनात शंका घेऊन, श्रद्धेपासून हातभर अंतर राखून ते चालतात, पण चालतात. जर्मनीतल्या हायडेलबर्गचे गुंथर सोंथायमर धनगरांच्या देवांचा शोध घेत महाराष्ट्र हिंडले आणि त्यांनीही वारीवर चित्रपट केला. रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून वारी कोणालाच लिहिता आली नाही.

पण येथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. नाही तर हा लेख नुसता आरतीचा होईल. इरावतीबाईंनीच नोंदवले आहे, की दिवसभर एका वाटेने चालणारी, एकच अभंग म्हणणारी माणसे दुपारी जेवायला मात्र जातीजातीने वेगळी बसत होती. त्यांना ते फार लागले. ज्याच्या दारी हे सगळे निघाले होते त्या देवाचे दार तर अस्पृश्य मानलेल्यांना बंदच होते. चोखोबांचे अभंग गाणाऱ्या संप्रदायात चोखोबांच्या जातभाईंना सहाशे वर्षे पायरीशी थांबावे लागले. साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभले, ते दहा दिवस चालले, आणि मग ते दार उघडले. स्वातंत्र्याला तेव्हा जेमतेम तीन महिने उरले होते.

म्हणून रिंगणाची थोरवी सांगताना मोजूनमापून सांगावी. रिंगणाने जात मोडली नाही. पण एक गोष्ट खरी, की देवळाला दार असते आणि दाराला कडी असते. रिंगणाला दार नाही. कोठूनही आत शिरता येते. तासभर का होईना, शेजारी कोण धावते आहे याची विचारपूस होत नाही. तेवढ्या तासाने समाज बदलत नाही. पण बदललेला समाज दिसेल तर कसा दिसेल, याचा नमुना डोळ्यांपुढे उभा राहतो. तो नमुना पाहून संध्याकाळी पंगतीला बसणाऱ्याला पंगतीतले अंतर खुपावे, एवढे जरी झाले तरी पुष्कळ झाले. इरावतीबाईंना ते खुपले, ते चालल्यामुळेच.

आता २०२० सालची आठवण. करोनाची साथ आली आणि वारी पायी निघू शकली नाही. आषाढी एकादशी १ जुलैला होती. आदल्या दिवशी, ३० जूनला, तुकोबांच्या पादुका देहूहून एस.टी.च्या बसमधून मोजक्या माणसांसह पंढरपूरला नेल्या. पुढच्या, २०२१ च्या वर्षीही प्रवास बसनेच झाला. परंपरा खंडित झाली नाही, असे सर्वांनी म्हटले, आणि ते एका अर्थी खरे आहे. पादुका वेळेवर पोचल्या. पूजा झाली. देवाला भक्त भेटले.

पण बेलवडीला रिंगण झाले नाही. काटेवाडीला पायघड्या पडल्या नाहीत. घोडे होते, मैदान होते, पादुकाही होत्या. नव्हते ते एकच, पाहणारे. नाटक रिकाम्या नाट्यगृहात करून त्याचे चित्रीकरण घरोघर पोचवता येते. त्या दोन वर्षांत तसे पुष्कळांनी केले. कीर्तन घरी बसून ऐकता आले. रिंगण मात्र त्या रीतीने करता येईना. घोडा एकटा धावला असता तर ती घोड्याची दौड झाली असती, रिंगण नव्हे. ज्या कलेची भिंतच माणसांची, ती माणसांवाचून उभी राहणार कशी? २०२२ साली वारी पुन्हा पायी निघाली. त्या वर्षी पालखीच्या वाटेवर माणसे नुसती पादुकांकडे पाहून रडत होती असे नव्हे. ती एकमेकांकडे पाहूनही रडत होती.

तेव्हा संकट साथीचे होते आणि ते टळले. आज जे येऊ घातले आहे ते हळूहळू येते आहे, म्हणून ते संकट वाटत नाही. पालखीचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग म्हणून चौपदरी करण्याच्या कामाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. पायी चालणाऱ्यांसाठी बाजूने वेगळी वाटही त्यात योजली आहे. रस्त्याला माझा विरोध नाही. खड्ड्यातून चालणाऱ्या म्हातारीला चांगली वाट मिळत असेल तर ते पुण्यच आहे. पण रस्ता रुंद होतो तेव्हा कडेच्या जमिनीला मोल चढते, आणि मोल चढले की मोकळी जागा मोकळी राहत नाही. रिंगणाला लागते ते मोकळे रान. ते राखायचे तर गावाला दरवर्षी कोणते ना कोणते पीक, कोणता ना कोणता व्यवहार बाजूला ठेवावा लागेल.

दुसरी गोष्ट त्याहून बारीक. अलीकडे रिंगणात हात वर झालेले दिसतात ते टाळीसाठी नव्हे, मोबाईलसाठी. मीच कॅमेरा घेऊन गेलो होतो, तेव्हा दुसऱ्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. परंतु हिशोब साधा आहे. ज्या हातात मोबाईल आहे त्या हाताने टाळी वाजत नाही, टाळ धरता येत नाही, फुगडीही घालता येत नाही. कड्यातला एक माणूस नुसता पाहणारा झाला तर काही बिघडत नाही. दहा झाले तरी चालेल. सगळेच झाले तर? मैदान गच्च भरलेले असेल, घोडे दौडतील, चित्रे उत्तम येतील, आणि ज्याची चित्रे घ्यायची ते रिंगण मात्र तेथे नसेल. २०२० साली माणसे नव्हती म्हणून ते झाले नाही. कधी काळी माणसे असूनही ते होऊ नये, ही भीती माझ्या मनात आहे.

ती खरी न ठरो. बेलवडीच्या त्या वारकऱ्यांना पुन्हा भेटावे म्हणून मी पुढच्या आषाढात गेलो. पण लाखांच्या गर्दीत ते सापडले नाहीत, आणि नाव विचारून ठेवायचे माझ्या ध्यानात आले नव्हते. त्यांनीही माझे विचारले नव्हते. दोघेही एकमेकांना माऊलीच म्हणत होतो. ते सापडले नाहीत म्हणून मी थोडा वेळ खिन्न होऊन कडेला उभा राहिलो. शेजारी नववी-दहावीतला एक पोरगा दोन्ही हातांनी मोबाईल उंच धरून उभा होता. घोडे दौडून गेले, माती कपाळाला लावून झाली, फुगड्या सुरू झाल्या. पोरगा अजून पडद्यात पाहत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "माऊली, नुसतं काय बघताय? द्या की हात."

तो आधी लाजला. मग त्याने मोबाईल खिशात ठेवला.

येत्या आषाढात जमल्यास मुलाबाळांना घेऊन बारामती-इंदापूरच्या वाटेवर जरूर जा. काटेवाडीच्या मेंढ्या पाहा, बेलवडीला सकाळी लवकर पोचा. तेथले हुकले तर इंदापूर गाठा. बरोबर पाण्याची बाटली असू द्या, पायांत साध्या वहाणा असू द्या. आणि कोणी हात पुढे केला तर नाही म्हणू नका.